शंभर डॉलरचा प्लॉट आणि त्यातली माती

"माती कधी विषारी असते का गं?" हातातलं खुरपं तसंच धरून काकूंनी विचारलं.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात, माझ्या मैत्रिणीच्या परसात आम्ही उभ्या होतो. तिची आई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आली होती. इंडियन स्टोअरमधून आणलेले मेथीदाणे रात्रभर भिजवून ठेवले होते, आणि सकाळी सकाळी काकूंनी घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत दोन-तीन हात जागा खुरपून भुसभुशीत करून टाकली होती. ऊन तिथंच चांगलं येतं. मी वाकून मूठभर माती उचलली. काळीभोर, ओलसर, दिसायला सुंदर. पण त्यात नखाएवढे पांढरट पापुद्रे होते. वर पाहिलं तर खिडकीच्या चौकटीचा रंग तसाच सुटून लोंबत होता. घर १९२० च्या दशकातलं, लाकडाचं. मी काकूंना म्हटलं, "मेथी थोडे दिवस थांबवू या."

काकूंचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला, कारण तो फक्त त्या परसापुरता नाही. जगातल्या अनेक जुन्या औद्योगिक शहरांत हजारो एकर जागा रिकामी पडली आहे, लोकांना तिथं भाजी लावायची आहे, झाडं वाढवायची आहेत, आणि जमीन मात्र दूषित आहे. तिचं काय करायचं? हे समजून घ्यायला डेट्रॉइटसारखी दुसरी शाळा नाही.

१९५० साली या शहरात साडेअठरा लाख माणसं राहत होती. मोटारींचे कारखाने बाहेर गेले, गोरी मध्यमवर्गीय कुटुंबं उपनगरांत गेली, आणि २०२० च्या जनगणनेत आकडा आला ६ लाख ३९ हजार. जुलै २०१३ मध्ये महापालिकेनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्या वर्षी शहरातल्या सुमारे ३ लाख ८० हजार मिळकती एकेक करून तपासल्या गेल्या, तेव्हा ८४ हजारांहून जास्त मिळकती उजाड किंवा उजाड होण्याच्या वाटेवर निघाल्या. घरं पाडली गेली, गवत वाढलं. आज तुमच्या घराला लागून असा रिकामा प्लॉट असेल तर लँड बँकेकडून, म्हणजे पडीक मिळकती सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडून, तो १०० डॉलरला विकत घेता येतो. माझ्या मैत्रिणीनंही शेजारचा प्लॉट असाच घेतला होता.

रिकाम्या जागेत पिकवायचं ही कल्पना इथं जुनीच. १८९३ च्या मंदीत हजारो कामगार बेकार झाले, तेव्हा महापौर हेझन पिंग्री यांनी दुसऱ्याच वर्षी मोकळ्या प्लॉटांवर गरिबांना बटाटे लावू दिले. लोक त्यांना हसले, पण शेकडो कुटुंबांची चूल त्यावर पेटली आणि दुसऱ्या शहरांनीही तो कित्ता गिरवला. मात्र पिंग्रींच्या त्या जमिनीवर मोटारीचा धूर कधी बसला नव्हता. आजच्या प्लॉटवर शंभर वर्षांचं शहर झिरपलेलं आहे.

ते नेमकं काय झिरपलं आहे?

सगळ्यात मोठा गुन्हेगार शिसं. ते तीन वाटांनी आलं. पहिली वाट रंगाची. तेलरंगात शिशाची पांढरी भुकटी घालायची पद्धत होती; रंग टिकायचा आणि झाकायचाही छान. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, पण तोवर लावलेला रंग भिंतींवर राहिला आणि दर पावसात, दर खरवडण्यात थोडा थोडा खाली पडत गेला. म्हणून जुन्या लाकडी घराच्या भिंतीलगतचा दोन-तीन फुटांचा पट्टा हा बहुधा सगळ्या आवारातला सर्वांत विषारी भाग असतो. काकूंनी नेमका तोच निवडला होता, कारण ऊन तिथंच होतं. दुसरी वाट पेट्रोलची. १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ मध्ये पूर्ण थांबलं, आपल्याकडे २००० साली. हमरस्त्यालगतच्या मातीत ते अजून आहे. तिसरी वाट कारखान्यांची, विशेषतः धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांची.

त्यात भर पाडकामाची. पूर्वी घर पाडलं की विटा, काचा, गिलावा, रंगीत लाकूड सगळं तळघराच्या खड्ड्यात लोटायचं आणि वर हातभर माती पसरायची, अशी रीत होती. पुण्या-मुंबईत आपण ज्याला राडारोडा म्हणतो तोच. वरून हिरवं गवत दिसतं आणि कुदळ मारली की वीट लागते. कुठं शेगडीतली कोळशाची राख टाकलेली असते, कुठं गॅरेजचं काळं तेल, कुठं कीड लागू नये म्हणून आर्सेनिक पाजलेल्या लाकडाचं कुंपण.

शिसं मोजतात पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. एक टन मातीत एक ग्रॅम शिसं असेल तर तो एक पीपीएम. निसर्गतः मातीत साधारण १० ते ५० पीपीएम असतंच. मुलं खेळतात अशा घराजवळच्या मातीसाठी अमेरिकेची पर्यावरण संस्था अनेक वर्षं ४०० हा आकडा धरत असे. जानेवारी २०२४ मध्ये तो २०० वर आणला. कॅलिफोर्निया राज्य तर ८० लाच सावध होतं. इतका फरक का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. मुलाच्या शरीराला शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी सापडलेली नाही. त्यामुळे हे आकडे 'इथपर्यंत ठीक' असं सांगत नाहीत, 'इथून पुढं काहीतरी करायलाच हवं' एवढंच सांगतात. मेंदू वाढत असताना शिसं पोहोचलं तर बुद्धी आणि एकाग्रता यांचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. म्हणून मी या विषयात थोडी जास्तच काटेकोर आहे आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेकांच्या अंदाजाच्या उलट जाणारी गोष्ट. आपल्याला वाटतं, विषारी माती म्हणजे विषारी भाजी: मुळं विष ओढणार, ते फळात उतरणार, आपण खाणार. शिशाच्या बाबतीत असं फारच थोडं घडतं. शिसं मातीच्या कणांना, सेंद्रिय द्रव्याला आणि फॉस्फेटला घट्ट चिकटून बसतं. पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून मुळांना ते फारसं मिळत नाही. जे मिळतं त्यातलं बरंचसं मुळातच अडकतं. टोमॅटो, वांगी, भेंडी, मिरची, गवार, भोपळा या फळभाज्यांत ते जेमतेम पोहोचतं.

मग माणसाच्या पोटात कसं जातं? मातीच्याच रूपानं. हाताला लागलेली माती, नखातली माती, चपलेबरोबर घरात आलेली धूळ, फरशीवर रांगणारं बाळ आणि त्याची तोंडात जाणारी बोटं. मोठ्या माणसानं गिळलेल्या शिशातला साधारण दहावा भाग रक्तात उतरतो. लहान मुलांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. भाजीतही जास्त धोका चिकटून आलेल्या मातीचा. पालक, माठ, कोथिंबीर, मेथी जमिनीला टेकून वाढतात, पावसाचे शिंतोडे त्यांच्या पानांवर उडतात, आणि पानांच्या सुरकुत्यांतून ती माती एका धुण्यात निघत नाही. मुळा, गाजर, बीट तर मातीतच राहतात; त्यांच्या सालीवर आणि सालीतही शिसं असतं. त्यामुळे संशयास्पद जमिनीत क्रम साधारण असा धरावा: वेलीवरच्या आणि झुडपावरच्या फळभाज्या सर्वांत बऱ्या, पालेभाज्या वाईट, कंदमुळं सर्वांत वाईट.

हा नियम शिशाचा आहे, सगळ्या विषांचा नाही. कॅडमियम हा दुसरा विषारी धातू पक्का लबाड: ते मुळांतून सहज वर चढतं आणि पालकासारख्या पानांत साठतं, कितीही धुतलं तरी जात नाही, कारण ते पानाच्या आत असतं. म्हणूनच 'आमच्या मातीत काहीतरी आहे' एवढं कळून भागत नाही. काय आहे ते नावानिशी कळावं लागतं.

इथं कोणीतरी हमखास म्हणतं, "सूर्यफुलं लावा ना, ती विष शोषून घेतात." कल्पना फार गोड आहे, म्हणूनच तिच्याकडे नीट पाहायला हवं. सूर्यफुलांची कीर्ती बरीचशी चेर्नोबिलजवळच्या तळ्यातल्या प्रयोगामुळे झाली. तिथं ती तराफ्यांवर लावली होती, मुळं थेट पाण्यात सोडलेली. पाण्यात विरघळलेला किरणोत्सारी पदार्थ मुळांनी उचलला. मातीच्या कणाला घट्ट बसलेला पदार्थ उचलणं हे निराळं काम आहे. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर जपानमध्ये लोकांनी मोठ्या आशेनं सूर्यफुलं लावली. कृषी मंत्रालयाच्या चाचणीत त्यांचा फारसा उपयोग दिसला नाही.

शिशासाठी ज्या वनस्पतीचं नाव जगभर घेतलं जातं ती आपली मोहरी. तिचा हिशेब एकदा मांडून बघू या. एक एकराचा वरचा सहा इंचांचा थर साधारण ९०० टन भरतो. ४०० पीपीएम शिसं म्हणजे त्यात ३६० किलो शिसं. ते निम्म्यावर आणायचं तर १८० किलो बाहेर काढायला हवं. समजा, वर्षाला एकरी चार टन वाळलेली मोहरी निघाली आणि तिच्यात १०० पीपीएम शिसं उतरलं, तर बाहेर निघालं ४०० ग्रॅम. १८० किलोंना लागतील ४५० वर्षं. पीक दुपटीनं आलं तरी सव्वादोनशे. प्रयोगशाळेत मातीत एक रसायन ओतून शिसं सुटं करतात, मग मोहरी भरभर उचलते. पण ते सुटं झालेलं शिसं खाली भूजलातही जातं. आणि कापलेली मोहरी? ती आता विषारी कचरा. तिचं खत करता येत नाही, जाळता येत नाही, गाईला घालता येत नाही.

याचा अर्थ वनस्पतींनी माती कधीच साफ होत नाही असा नाही. आर्सेनिक भरभरून उचलणारं एक नेचं २००१ मध्ये फ्लोरिडात ओळखलं गेलं आणि ते खरोखर काम करतं, तेही काही वर्षांच्या मापानं. डिझेल, तेल यांसारखे पदार्थ तर मुळांभोवतीचे जिवाणू फोडून खातात. तिथं दाट मुळांचं गवत उत्तम. फरक साधा आहे. तेल हा रेणू आहे, तो मोडता येतो. शिसं हे मूलद्रव्य आहे, ते मोडून दुसरं काही होत नाही. ते एक तर उचलून दुसरीकडे न्यायचं, नाही तर आहे तिथं गप्प बसवायचं.

शहरातली बहुतेक शहाणी शेती ही गप्प बसवण्याची शेती आहे.

त्याचे मार्ग आपल्या शेतकऱ्याला समजतील असेच आहेत. सेंद्रिय खत भरपूर घालायचं: शेणखत, कंपोस्ट, पालापाचोळा. त्यानं एक तर शिसं विरळ होतं, दुसरं ते सेंद्रिय द्रव्याला बांधलं जातं. मातीचा सामू (पीएच) साडेसहा-सातच्या आसपास ठेवायचा; माती आंबट झाली की धातू सुटे होतात. फॉस्फेट घातलं तर शिशाचं असं संयुग बनतं की ते विरघळायचं नाव घेत नाही. पण जरा थांबा: त्याच मातीत आर्सेनिक असेल तर फॉस्फेट त्याला जागेवरून हुसकावून मोकळं करतं. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष, म्हणून तपासणीआधी गोण्या ओतू नयेत.

आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे गादीवाफा. जमिनीवर पाणी झिरपेल असं जाड कापड अंथरायचं, त्यावर फूट-दीड फूट उंचीची चौकट, आत बाहेरून आणलेली, तपासलेली माती आणि कंपोस्ट. चौकटीला जुने रेल्वे स्लीपर वापरायचे नाहीत. त्यांना डांबरासारखं विषारी तेल पाजलेलं असतं. वाफ्यांच्या मधल्या वाटांवर लाकडाचा भुसा किंवा ढलप्या पसरायच्या, म्हणजे धूळ उडत नाही. हे फार लोक विसरतात. वाफा स्वच्छ, पण वाटेवर उघडी माती, आणि वारा तीच माती परत वाफ्यात आणून टाकतो.

डेट्रॉइटमध्ये अशा बागा शेकड्यांनी आहेत. कीप ग्रोइंग डेट्रॉइट ही संस्था बागवाल्यांना बी-रोपांबरोबर माती तपासायलाही मदत करते. रूज पार्कमध्ये कृष्णवर्णीय रहिवाशांच्या संघटनेनं सात एकरांचं डी-टाउन फार्म उभं केलं आहे. ते कुठं आहे ते पाहा: जिथं पूर्वी शहराची रोपवाटिका होती तिथं. त्या जागेवर कारखानाही नव्हता आणि पाडलेली घरंही नव्हती. खाण्याचं पिकवायचं तर आधी असा जागेचा इतिहास शोधावा, हे मला फार पटतं.

इतिहास वाईट निघाला तर? तर झाडं.

इथल्या एका धनिक गुंतवणूकदारानं, जॉन हँट्झ यांनी, २००९ च्या सुमारास शहराच्या पूर्व भागात जगातली सर्वांत मोठी शहरी शेती करायचं जाहीर केलं. बरीच वर्षं घासाघीस झाली आणि शेवटी शेतीच्या जागी लाकडाच्या झाडांची लागवड ठरली. डिसेंबर २०१२ मध्ये नगर परिषदेनं पाच विरुद्ध चार मतांनी मंजुरी दिली: सुमारे १५०० प्लॉट, १४० एकर, किंमत सव्वापाच लाख डॉलरच्या आतबाहेर. अट अशी की पडकी घरं पाडायची, कचरा उचलायचा, गवत कापत राहायचं आणि १५ हजार झाडं लावायची. मे २०१४ मध्ये हजारावर स्वयंसेवकांनी एका दिवसात ओक, मेपलची रोपं लावली.

मातीच्या बाजूनं पाहिलं तर निर्णय शहाणपणाचा होता. ओक कोणी खात नाही. झाडांची मुळं माती धरून ठेवतात, दर पानगळीला जमिनीवर पाल्याचं एक पांघरूण पडतं, दहा-पंधरा वर्षांत विषारी थर त्याखाली झाकला जातो आणि धूळ बसते. पॉप्लरसारखी तहानलेली झाडं तर भूजल इतकं उपसतात की दूषित पाणी पुढं सरकायचं मंदावतं. विष जागेवरच राहतं, पण माणसाचा आणि त्याचा संबंध तुटतो.

माणसांच्या बाजूनं पाहिलं तर मात्र माझं मन त्यात रमत नाही. वर्षानुवर्षं शेजारचा प्लॉट मागणाऱ्या साध्या घरमालकांना महापालिका दाद देत नव्हती आणि एका माणसाला दीड हजार प्लॉट एकगठ्ठा मिळाले. लोकांनी याला जमीन बळकावणं म्हटलं, ते मला चुकीचं वाटत नाही. दूषित जमीन स्वस्त असते. ती झाडांनी हिरवी झाली की महाग होते. त्या वाढलेल्या किमतीत विषाशेजारी इतकी वर्षं राहिलेल्यांचा वाटा काय, हा प्रश्न झाडं लावायच्या आधी विचारायला हवा.

झाडांचा असाच, पण सार्वजनिक मालकीचा प्रयोग आपल्या मुंबईत आहे. मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून, जिथं एके काळी शहराचा कचरा टाकत, तिथं आज ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. कचरा टाकणं थांबलं, वर माती आली, १९८० च्या दशकात लागवड सुरू झाली आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. कचऱ्याच्या थरावर झाड जगवणं सोपं नसतं. आत कचरा कुजताना वायू निघतात, मुळं गुदमरतात. तरी तिथं आज रान आहे, पक्षी आहेत, शाळेतली मुलं येतात. तिथं भाजीचा मळा केला नाही, जंगल केलं, ही त्यातली मोलाची गोष्ट.

याच्या उलट टोक लोकलच्या खिडकीतून वर्षानुवर्षं दिसत आलं आहे: रुळांलगतचे हिरवेगार पालक-माठाचे वाफे. जागा लोखंड-तेलाच्या धुळीची, आणि बऱ्याच ठिकाणी पाणी नाल्यातलं. पीक नेमकं पालेभाजीचं, म्हणजे धूळ आणि कॅडमियम या दोन्हींच्या सोयीचं. ते पिकवणाऱ्यांवर मला राग काढायचा नाही. पोट आहे, दुसरी जमीन नाही. पण त्यांना पाणी आणि पीक बदलायला मदत करणं हे कोणाचं तरी काम आहे.

आपल्याकडं सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत, महापालिकेच्या भूखंडावर परसबाग करायची हौस वाढते आहे आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. पण एक गोष्ट ध्यानात असू द्या. शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृद् आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन असे बारा घटक असतात. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक त्यात नसतात. पत्रिका हिरवीगार आली म्हणजे माती निर्विष, असं नाही. प्रयोगशाळेला धातूंची नावं घेऊन तपासणी मागावी लागते. नमुना एकाच जागचा घेऊ नये: आठ-दहा ठिकाणची वरची सहा इंचांची माती एकत्र कालवावी, आणि भिंतीलगतची, रस्त्यालगतची, मधली अशा पिशव्या वेगळ्या ठेवाव्यात. त्याआधी फुकटची तपासणी म्हणजे जुन्या माणसाला विचारणं: इथं आधी काय होतं? गॅरेज, बॅटरीचं दुकान, रंगारी, छापखाना, भंगारवाला, राडारोड्याचा भराव, की खरंच नुसतं माळरान?

मैत्रिणीनंही तशाच तीन पिशव्या पाठवल्या. भिंतीलगतच्या पिशवीचा आकडा मधल्या पिशवीच्या कितीतरी पट निघाला. भिंतीलगत आता जाड कापड, त्यावर ढलप्यांचा थर आणि त्यात हायड्रेंजाची फुलझुडपं आहेत. तिथं कोणी खुरपं लावायचं नाही, असं ठरलं. शंभर डॉलरच्या प्लॉटच्या मधोमध, उन्हात, दोन गादीवाफे केले. माती विकत आणली, तेव्हा काकू बराच वेळ त्या पोत्यांकडे बघत होत्या. "माती विकत," एवढंच म्हणाल्या.

मेथी चौथ्या दिवशी उगवली. काकू पाणी घालून आल्या की चपला मागच्या पायरीवरच काढायच्या, बाहेरच्या नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायच्या, आणि नातवालाही धरून धुवायला लावायच्या, नखांसकट.